बाळच्या लग्नाच्या दोन साक्षीदारणी

परदेशातल्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी सकाळी, चहाचा दुसरा कप भरता भरता बाळने सांगून टाकलं, "आज दुपारी साडेतीनला माझं लग्न आहे."

बारकीच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि तळाशी गेलं.

बाळ, वय वर्षं त्रेपन्न. डोकं तुळतुळीत, हातांना कायम वंगणाचा वास, आणि पंचवीस वर्षं या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेली. त्याच्या लग्नाचा विषय घरात इतक्यांदा निघाला होता आणि इतक्यांदा बारगळला होता, की गेल्या दहा वर्षांत कुणी तो काढलासुद्धा नव्हता. आणि आता हा गडी दूध ओतता ओतता, 'आज पेपर आला नाही' म्हणावं तसं सांगत होता.

बारकी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी काडी होती म्हणून बारकी. आता साठीला टेकलेली, बाळच्या चिमुकल्या स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी होऊन आत येणारी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिचं मायदेशी शिवणकामाचं दुकान होतं, आणि कुणाकडेही नुसतं बघून तिला माप कळायचं. आत्ता तिने बाळकडे बघितलं आणि ओळखलं, की गडी गंमत करत नाहीये. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

समोर ताई बसली होती. सगळ्यांत थोरली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती निवृत्त झाल्याचं शाळेला कळलं होतं, ताईला अजून कळलं नव्हतं.

"अहो," ताई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "त्या बाईंना विचारा, त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं का?"

'त्या बाई' म्हणजे बारकी. दीड हातावर बसलेली.

"भावजी," बारकी म्हणाली, "तुमच्या बायकोला सांगा, मला ठाऊक असतं तर माझं बिस्कीट बुडालं नसतं."

"तिला नव्हतं माहीत," भावजींनी ताईला कळवलं. भावजी हे काम सहा वर्षं करत होते. अडतीस वर्षं टपाल खात्यात काढून पोस्टमास्तर म्हणून ते निवृत्त झाले आणि त्याच साली दोघी बहिणींचं बोलणं बंद पडलं. तेव्हापासून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे त्यांच्याच हातून चालायचं. अबोल्याचं कारण विचाराल तर नातेवाइकांत एकच गोष्ट सांगितली जाई: आई गेल्यावर तिचा मिक्सर ताईने नेला आणि त्याचं झाकण बारकीने. मिक्सर झाकणावाचून पडून आणि झाकण मिक्सरवाचून. कोणीच माघार घेईना. खरं कारण दोघींनाच माहीत होतं, आणि त्या दोघी तर बोलतच नव्हत्या.

"आता नीट ऐका," बाळ म्हणाला. "इथे कचेरीत लग्न लागतं. दोन साक्षीदार लागतात. मी तुमच्या दोघींची नावं देऊन ठेवलीत, आता ती बदलता येत नाहीत. साडेतीनची वेळ हुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर तुम्ही परत गेलेल्या असाल. म्हणजे दोघींनी यायचं, शेजारी शेजारी उभं राहायचं आणि सह्या करायच्या."

"शेजारी शेजारी?" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकदम बोलल्याबद्दल दोघींनी एकमेकींकडे रागाने बघितलं.

"मुलगी कोण?" ताईने विचारलं.

"मुलगी पन्नासची आहे, ताई. दातांची डॉक्टरीण. इथलीच. तिच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट गेल्या वर्षी महिन्यातून तीन-तीनदा बंद पडायची. मी गेलो की दोष काही सापडायचा नाही. शेवटी कळलं, हीच आतलं लाल बटण दाबून ठेवायची."

"का?"

"मी यावं म्हणून."

भावजींना हसू आलं. ताईने बघितल्यावर ते गेलं.

एवढ्यात बाळचा फोन वाजला. तो उभ्याउभ्या तिकडच्या भाषेत चार वाक्यं बोलला आणि त्याने पायांत बूट सरकवले. "एका हॉटेलात लिफ्ट अडकलीय. आत सहा माणसं आहेत आणि तीन मजली केक आहे. मी तिकडूनच कचेरीत येतो. भावजी, हा घ्या फोन, ही घ्या चिठ्ठी. पत्ता, ट्राम, थांबा, सगळं तिच्यात आहे. तोवर शहर बघा."

"आजच्या दिवशी कामावर?" बारकी ओरडली.

"अडकलेल्यांना काय माहीत माझं लग्न आहे ते!" जिन्यावरून बाळचा आवाज आला.

मग तिघांनी शहर बघितलं. म्हणजे ताईने दाखवलं. त्या शहरात तिनेही याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण त्याने तिला काही फरक पडला नाही. प्रत्येक रस्ता ओलांडला की ती मोजणी करायची: "एक, दोन, आणि त्या." नदीवरच्या पुलावर, कारंज्याच्या चौकात, जुन्या चपलांच्या बाजारात, सगळीकडे "एक, दोन, आणि त्या." भावजींनी फोटो काढले. प्रत्येक फोटोत दोघींच्या मध्ये काहीतरी होतं: एकदा खांब, एकदा कचऱ्याची पेटी, एकदा अनोळखी म्हातारा, जो कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसत होता.

बारकीचं लक्ष मात्र शहराकडे नव्हतं. बाळचं लग्न! तिच्या पोटात आनंद मावत नव्हता आणि तो सांगायला शेजारी कुणी नव्हतं. होती ती ताई. एकदा चौकात ती विसरलीच, "अगं, तिला काय आवडत असेल गं?" असं ओठांवर आलं आणि तिने ते खोकला काढून गिळलं.

पाऊण वाजता तिघं सात नंबरच्या ट्रामीत चढली. चौथ्या थांब्यावर भावजींना शंका आली. अडतीस वर्षं पत्ते तपासलेला माणूस; थांब्याचं नाव चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून बघायला ते खाली उतरले. पाटी वाचली. समाधानाने मान डोलावली. आणि दार बंद झालं.

काचेपलीकडे भावजींचं तोंड उघडझाप करत होतं. त्यांनी हातातली चिठ्ठी काचेवर दाबून धरली, की निदान बायकांना पत्ता दिसावा. कोरी बाजू आत होती. ट्राम हलली. भावजी बरोबर धावले, मग मागे धावले, मग दिसेनासे झाले. आणि त्यांच्याबरोबर फोन, पत्ता आणि सहा वर्षांची टपालव्यवस्था, सगळंच गेलं.

दोघी आपापल्या आसनांवर ताठ बसून राहिल्या. पुढच्या थांब्यावर उतरायला हवं होतं. पण उतरायचं तर 'चल' म्हणायला हवं, आणि म्हणणार कोण? अशा रीतीने चिठ्ठीतला नववा थांबा गेला, चौदावा गेला, घरं विरळ झाली, आणि शेवटी ट्रामवाल्याने स्वतः येऊन हात जोडून दोघींना खाली उतरवलं.

शेवटचा थांबा म्हणजे एक बाक, एक फुलांचं दुकान, एक बेकरी, आणि दुकानाबाहेर बांधलेला एक तांबूस कुत्रा. ताई बाकाच्या या टोकाला बसली, बारकी त्या टोकाला. मध्ये तीन माणसं बसली असती. कुत्रा समोर बसला.

बराच वेळ गेला. मग ताईने घसा खाकरला.

"त्या बाईंना विचार," ती कुत्र्याला म्हणाली, "पत्ता कुणाकडे आहे?"

कुत्र्याने बारकीकडे बघितलं.

"मुख्याध्यापिकांना सांग," बारकी कुत्र्याला म्हणाली, "पत्ता त्यांच्या यजमानांकडे आहे."

कुत्र्याने ताईकडे बघितलं.

"त्यांना म्हणावं, यजमानांना खाली उतरू नका म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"त्यांना म्हणावं, नवरा त्यांचा आहे, माझा नाही. मोजायला त्याच होत्या ना, एक, दोन, आणि त्या?"

कुत्रा मान वळवून वळवून दमला आणि आडवा झाला. तेवढ्यात त्याची मालकीण फुलं घेऊन आली आणि त्याला सोडून घेऊन गेली. आता मध्ये कुणीच उरलं नाही. बेकरीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होती.

बारकीने घड्याळ बघितलं. तिला बाळच्या लाल झालेल्या कानाच्या पाळ्या आठवल्या. त्रेपन्न वर्षांचा माणूस, ज्याने सगळ्या जगात दोन साक्षीदार निवडले, आणि निवडले ते असे.

"ताई," ती म्हणाली. "आपल्यामुळे बाळचं लग्न राहील."

सहा वर्षांतलं ते पहिलं सरळ वाक्य होतं. ताईची मान वळली. मग ती उभी राहिली आणि तिने पदर कमरेला खोचला.

"राहील म्हणजे?" ती म्हणाली. "मी जिवंत असताना? ऊठ, बारके!"

पुढचा अर्धा तास ताईने इंग्रजी वापरून बघितलं. तिचं इंग्रजी व्याकरणशुद्ध होतं, क्रियापद कुठेही डळमळत नव्हतं. अडचण एवढीच, की ते त्या भागात कुणालाच येत नव्हतं. लोक सौजन्याने ऐकून घेत आणि हात हलवून पुढे जात. एका गृहस्थाने तिला वेळ सांगितली. ती तर तिला माहीतच होती.

"कचेरी कशी दिसते, ते तरी बाळने सांगितलंय का कधी?" ताईने विचारलं.

"सांगितलंय. तिथल्या लिफ्टाही तोच बघतो. दोन मनोरे, मध्ये घड्याळ, समोर पायऱ्या." बारकीने पिशवीत हात घातला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पिशवीत काही नसलं तरी खडू असतोच. ती फरसबंदीवर गुडघे टेकून बसली आणि तिने कचेरी काढायला घेतली. कापडावर खुणा करणारा हात. रेघ एकदा मारली की मारली. मनोरे आले, घड्याळ आलं, पायऱ्या आल्या.

माणसं जमली. कुणी मान डोलावली, कुणी 'वा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणालं, आणि एकाने बारकीसमोर नाणं टाकलं.

"अहो!" ताई कडाडली. "उचला ते! आम्ही काय…" तो माणूस घाबरून नाणं उचलून दोन पावलं मागे सरकला.

चित्र बघून कुणी एका दिशेला बोट दाखवलं, कुणी दुसऱ्या. मनोऱ्यांच्या इमारती त्या शहरात एक सोडून चार असाव्यात.

"लग्न म्हणून सांगायला पाहिजे," बारकी म्हणाली. "करून दाखवू. तू बायको, मी नवरा."

"मी नवरा."

"तू का?"

"मी उंच आहे. आणि थोरली आहे. वाद घालू नकोस, वेळ नाही."

ताईने बारकीचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटात हवेतली अंगठी घातली. बारकीने लाजून मान खाली घातली. हे तिला फार छान जमलं. मग दोघींनी हवेत सह्या केल्या. मग ताईने खडूच्या कचेरीकडे बोट केलं, घड्याळाकडे बोट केलं, आणि हताश होऊन दोन्ही हात पसरले.

फुलवालीने डोळ्यांना रुमाल लावला. मघाचा नाणेवाला हळूच काहीतरी म्हणाला, आणि त्यात एक शब्द 'मॅरेज' असा लागला.

"येस!" ताई ओरडली. "मॅरेज! टुडे! अर्जंट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फुलवालीने दुकानातून पांढऱ्या फुलांचा एक भलामोठा गुच्छ आणून बारकीच्या हातात दिला आणि दोघींचे गाल धरून मुके घेतले. बेकरीतून पिठाने माखलेला, दाराएवढा एक माणूस आला, त्याने आपल्या पाव पोचवायच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकून दोघींना आत यायची खूण केली.

"किती चांगली माणसं आहेत नाही!" गाडीत चढता चढता बारकी म्हणाली. "साक्षीदारांचासुद्धा केवढा मान ठेवतात!"

गाडीच्या आत अंधार होता, आणि ताज्या पावांचा ऊबदार वास. बसायला दोन उलटी खोकी. पहिल्याच वळणावर पावांची एक अख्खी रांग घसरत आली; दोघींनी मिळून ती पाठीने थोपवली. दुसऱ्या वळणावर त्या एकमेकींना धरून बसल्या, आणि वळण संपल्यावरही हात सुटले नाहीत.

"गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं का गं तुझं?" बारकीने विचारलं.

"आता विचारतेस? तीन वर्षांनी?"

"तेव्हाच विचारलं होतं. भावजींना फोन करून म्हटलं होतं, मी येऊन राहू का महिनाभर मदतीला?"

अंधारात ताई हळूच म्हणाली, "मला ते म्हणाले, 'बारकीने विचारपूस केलीय.'"

"विचारपूस?"

"आणि मी म्हटलं होतं, तिला ये म्हणावं. हो बारके, म्हटलं होतं. खूप दुखत होतं, आणि तुझी आठवण यायची. तुला काय सांगितलं त्यांनी?"

"'ताई बघू म्हणते,' असं."

गाडी एका खड्ड्यात आपटली. दोघींच्या डोक्यावर एकेक पाव पडला. कुणी तो काढला नाही.

"मागच्या माझ्या वाढदिवसाला तू काय निरोप दिला होतास?" ताईने विचारलं. तिचा आवाज आता शाळेतला झाला होता.

"शंभर वर्षं जग, मी भांडायला बसलेय अजून, असा."

"मला मिळालं ते 'शुभेच्छा'. नुसतं." ताईने दीर्घ श्वास घेतला. "सहा वर्षं हा माणूस आपली पत्रं फोडतोय आणि दुरुस्त करून वाटतोय."

"भेटू दे," बारकी म्हणाली.

"भेटू दे," ताई म्हणाली. त्या दोन शब्दांत इतकी एकी होती, की तिकडे ट्रामच्या थांब्यावर भावजींना उगाच कापरं भरलं असेल.

मग ताई अंधाराकडे बघत बोलली. "मिक्सरचं काही नव्हतं गं ते. चार वर्षं मी आईचं सगळं केलं. रात्रंदिवस. आणि शेवटच्या आठवड्यात तिने एकदा माझं नाव घेतलं नाही. 'बारकीला बोलव, बारकीला बोलव,' एवढंच. तू आलीस तर मलासुद्धा खोलीतून बाहेर काढलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. मी बाहेर उभी. हातात तिच्या पेजेची वाटी."

"ताई, अगं, ती मला काय म्हणाली माहितीये का…"

करकचून ब्रेक लागला. पावांची रांग, ताई, बारकी आणि फुलं सगळी एकदम पुढे गेली. दार उघडलं, उजेड आत आला. समोर दोन मनोरे, मध्ये घड्याळ, समोर पायऱ्या. घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं.

पायऱ्यांवर बाळ काळ्या कोटात येरझाऱ्या घालत होता. कोट नवा, बाहीवर केकच्या साईचा डाग. त्याच्याजवळ एक ठेंगणीशी, चष्मा लावलेली, निळ्या झग्यातली बाई उभी होती आणि शांतपणे त्याची टाय सारखी करत होती. खालच्या पायरीवर भावजी पाण्याचा पेला धरून बसले होते. ते दोन थांबे पळत, एक थांबा चालत आणि उरलेले एका शाळेच्या सहलीच्या बसमधून आले होते, हे पुढे महिनाभर सगळ्यांना ऐकावं लागलं.

"आल्या!" बाळ ओरडला. "दोघी! एकत्र! पावाच्या गाडीतून!"

गाडीमागून आणखी एक गाडी आली होती. त्यातून फुलवाली, नाणेवाला आणि आणखी दोघं उतरले आणि टाळ्या वाजवू लागले. आतून कचेरीतल्या मुख्य बाई बाहेर आल्या. त्यांनी ताई-बारकीकडे, बारकीच्या हातातल्या गुच्छाकडे बघितलं, पाववाल्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हसून बाळला काहीतरी विचारलं. बाळचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ताई," तो म्हणाला, "त्या विचारतायत, आज दोन लग्नं आहेत का? हे सगळे म्हणतायत की तुम्ही दोघी लग्न करायला आलात. एकमेकींशी."

बारकीच्या हातून गुच्छ पडता पडता राहिला.

"त्यांना सांग, माझं झालेलं आहे," ताई म्हणाली. मग तिची नजर खालच्या पायरीवर गेली. "दुर्दैवाने!"

भावजी उठून उभे राहिले. "तुम्ही दोघी बोलताय?" त्यांचा चेहरा आनंदाने फुलला, आणि मग, काय काय बोलणं झालं असेल हे लक्षात येऊन, तसाच हळूहळू मावळला.

"अहो, गुडघ्याच्या वेळी मी काय म्हटलं होतं?" ताईने विचारलं.

"आणि मी काय म्हटलं होतं, भावजी?" बारकी म्हणाली.

"अडतीस वर्षं पोस्टात होतात. लोकांची पत्रंसुद्धा अशीच द्यायचात का, सुधारून?"

"छे, छे!" भावजी दुखावून म्हणाले. "लोकांचं एक पत्र कधी इकडचं तिकडे केलं नाही. फक्त घरचीच." ते पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. "तू 'ये म्हणावं' म्हणालीस, तेव्हा मी फोन हातात घेतला होता. मग भीती वाटली. एका घरात याल, कडाक्याचं भांडाल, आणि मग कायमचंच तुटेल. लांबून बरं चाललं होतं." जरा थांबून ते म्हणाले, "आणि निवृत्तीनंतर घरात मला दुसरं काम तरी काय होतं? दोघी रोज मला काहीतरी सांगायच्या."

ताई अजून फणकाऱ्यातच होती, पण तिने आपल्या रुमालाने भावजींच्या कपाळावरचा घाम टिपला. जरा जोरातच टिपला.

तेवढ्यात निळ्या झग्यातली डॉक्टरीण पुढे आली, तिने ताईचा हात हातात घेतला आणि स्वच्छ मराठीत, एकेक अक्षर जपून म्हणाली, "रुसू नको, राणी. चल वर."

ताईला कुणी राणी म्हटल्याला पन्नासेक वर्षं झाली असावीत. तिचा आ वासला.

बाळने कपाळावर हात मारला. "अगं, मी लिफ्टशी बोलतो तसं. काम करताना. ही दाराबाहेर उभी राहून ऐकायची, आणि मला वाटायचं हिला काय कळतंय! हिचं सगळं मराठी तेवढंच आहे."

"अजून काय काय येतं?" बारकीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी आठवलं. "तुझी तारच सैल झालीय," त्या भावजींकडे बघून गोड हसून म्हणाल्या.

मग मात्र ताईला हसू आवरेना. ती हसली ती अशी, की पाववाला हसला, फुलवाली हसली, आणि कचेरीतल्या बाई हसत हसत घड्याळाकडे बोट दाखवून सगळ्यांना आत घेऊन गेल्या.

लग्न सात मिनिटांत लागलं. ताई आणि बारकी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सहीच्या आधी ताईने न कळणाऱ्या भाषेतला तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, आणि बाळच्या आडनावात एक अक्षर कमी पडल्याचं दाखवून दिलं. कचेरीतल्या बाईंनी माफी मागून दुसरा छापून आणला. चष्म्यामागून डॉक्टरीणबाईंचे डोळे सारखे भरत होते, आणि बाळ आपला मोठा ओबडधोबड हात त्यांच्या पाठीवर ठेवून, ओठ न हलवता, त्या राणीला काहीतरी सांगत होता.

बाहेर आल्यावर फोटो सुरू झाले. पाववाल्याने गाडीतले पाव वाटायला काढले. दोघी बहिणी पायऱ्यांच्या कडेला, उन्हात, एका दगडी कठड्यावर बसल्या.

"काय म्हणाली आई?" ताईने विचारलं. फोटो काढणाऱ्यांकडे बघतच विचारलं.

बारकीने हातातला पाव मांडीवर ठेवला. "म्हणाली, माझं करता करता तुझी ताई निम्मी झालीय. सगळे ब्लाउज तिच्या खांद्यावरून उतरतात. तिला सांगितलं तर म्हणेल, मला वेळ नाही. तुझी नजर मापाची आहे, तू तिच्या नकळत सगळे ने आणि आत घेऊन दे. बाहेर बोलले तर तिला ऐकू जाईल, म्हणून दार लोटायला सांगितलं."

"एवढंच?"

"एवढंच. मग म्हणाली, आता मी झोपते."

ताईने बारकीच्या मांडीवरचा पाव उचलला आणि परत ठेवला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाहेर आले तर तू पाठ फिरवून उभी. नंतर कुणाकरवी सांगू? भावजींकरवी? ते म्हणाले असते, 'बारकीने कपड्यांची चौकशी केलीय.'"

ताईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, अर्धा हसण्याचा आणि अर्धा नाही. तिने बारकीच्याच पदराला नाक पुसलं. मग ती सरळ बसली, आणि खांदे जरा मागे घेऊन म्हणाली, "मग आता दे करून."

बारकीने मान तिरकी करून तिला न्याहाळलं. खांदा बघितला, काखेची शिवण बघितली, पाठीवरून बोट फिरवलं.

"आता कुठे आत घ्यायला जागा आहे?" ती म्हणाली. "सहा वर्षांत चांगली भरलीस की. आता उसवून सैल करावे लागतील."

"मग सैल कर. बरोबर पाच आणलेत."

"हात वर कर बघू."

ताईने मुकाट्याने दोन्ही हात वर केले. बारकी वीत लावून माप घेऊ लागली. पलीकडून बाळने हाक मारली, "अगं, या ना दोघी! घरच्यांचा फोटो काढायचाय!"

"थांब रे जरा," ताई हात तसेच वर धरून म्हणाली. "माप चाललंय."